साडेतीन विभाग

मृग लागला की हैदराबादेतल्या नल्लकुंट्यात दोन ठिकाणी गर्दी वाढते. एक फीवर हॉस्पिटलात. त्याला कागदोपत्री सर रोनाल्ड रॉसचं नाव आहे. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो हे रॉसने 1897 साली सिकंदराबादेत शोधून काढलं, आणि इथल्या डासांनी त्या कामात आजवर खंड पडू दिलेला नाही. दुसरी गर्दी कॉलेजांच्या फाटकापाशी. फरक एवढाच, की हॉस्पिटलाबाहेर पेशंट उभे असतात आणि कॉलेजबाहेर लेक्चरर.

कॉलेजचं नाव सांगत नाही. नल्लकुंट्यापासून विद्यानगरापर्यंत कुठल्याही गल्लीत वळा, सापडेल. खाली झेरॉक्स आणि मेडिकल, वर तीन मजले ज्ञान. सकाळी इंटर, दुपारी डिग्री. झूऑलॉजीचे सर वर्षभर तक्त्यावरचा बेडूक शिकवतात (खरा बेडूक कापणं केव्हाच बंद झालं), आणि मे-जूनमध्ये हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन उन्हात उभे राहतात. प्रत्येक लेक्चररला अॅडमिशनचं टार्गेट आहे. स्वतःच्या विषयाला एकही पोर मिळालं नाही तरी कोणी विचारत नाही, बी.कॉम. कॉम्प्युटर्सला वीस आणा.

तेलंगणात डिग्रीचे प्रवेश 2016पासून ऑनलाइन झाले. त्या यंत्रणेचं आद्याक्षरी नाव ‘दोस्त’. दोनशे रुपये भरा, आधारला जोडलेला मोबाइल द्या, कॉलेजं पसंतीने लावा. पारदर्शक कारभार. म्हणून मग सर पोराच्या शेजारी बसतात, पोराचा फोन सरांच्या हातात असतो, आणि पारदर्शकपणे विचारतात, ‘‘ओटीपी आला का रे, नाना?’’ पहिला फेज, दुसरा फेज, तिसरा फेज, स्पेशल फेज... पाऊस तरी नक्षत्रं संपली की थांबतो.

फेज संपले की कळतं, यंदा कोणते विभाग जगले. पाट्या सहा आहेत, विभाग साडेतीन. कॉमर्स पूर्ण. कॉम्प्युटर्स पूर्ण. केमिस्ट्री, बॉटनी, झूऑलॉजी मिळून लाइफ सायन्सेस अर्धा. हिस्टरीच्या खोलीवर आता ‘स्किल डेव्हलपमेंट सेल’ असं लिहिलंय. खालची जुनी अक्षरं रंगातून अजून डोकावतात, आणि इतिहासाचं एवढंच दर्शन त्या मजल्यावर उरलं आहे.

आणि तिसरा पूर्ण विभाग कोणता? संस्कृत! इंटरला सेकंड लँग्वेज संस्कृत घेतली की नव्वदच्या वर मार्क पडतात, ही इथल्या आईबापांची श्रद्धा आहे आणि निकाल तिला सहसा तडा जाऊ देत नाहीत. देवनागरीत स्वतःचं नाव न लिहिता संस्कृतात 98 मिळवलेली मुलं मी पाहिली आहेत. शृंगेरीचा शंकर मठ इथून हाकेच्या अंतरावर. तिथे बटू पहाटेपासून संथा घेतात, त्यांना कोणी 98 देत नाही. तेलुगूचे सर मात्र तेलुगू राज्यात, तेलुगू गल्लीत, तेलुगू घरांतली पोरं शोधत फिरतात. मराठीचं नाव काढू नका. मराठी विभाग बघायचा असेल तर पलीकडे उस्मानिया विद्यापीठात जावं.

फिजिक्स? फिजिक्सला नल्लकुंट्यात विभाग लागत नाही. चुक्का रामय्यांनी इथे आयआयटीचे क्लास काढले आणि एका पिढीला पहाटे उठवलं. त्या क्लासात शिरायचं तर आधी प्रवेश परीक्षा. म्हणजे प्रवेश परीक्षेच्या तयारीची प्रवेश परीक्षा. रामय्या पुढे विधान परिषदेवर गेले, त्यांची री ओढणारे कॉर्पोरेट कॉलेजात गेले. आमचे फिजिक्सचे सर सकाळी सहा ते नऊ एका क्लासमध्ये आणि मग कॉलेजात सही करायला असतात. पगार कुठे मिळतो ते विचारलं, तर ते गतीच्या पहिल्या नियमावर येतात.

श्रावणाच्या आगेमागे कधीतरी कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या तपासणीचा मोसम. कुठूनशा नर्सरीतून कुंड्या येतात. ग्रंथालयातल्या पुस्तकांवरची धूळ जाते आणि रजिस्टरमध्ये वाचक प्रकटतात. अशी तपासणी सगळीकडे साधी असते असं समजू नका. 2025च्या फेब्रुवारीत गुंटूरकडच्या एका विद्यापीठाच्या तपासणीवरून सीबीआयने नॅकच्या पथकातल्याच मंडळींना पकडलं. आरोप लाचेचा, आणि लाचेत म्हणे रोख, सोनं, फोन, लॅपटॉप. आमच्या प्रिन्सिपलांनी ती बातमी दोनदा वाचली. ‘‘एवढं आपल्याला झेपणार नाही,’’ म्हणाले आणि इडली-वड्याच्या ऑर्डरीत काजू कतली वाढवली.

भाद्रपदाच्या अमावस्येपासून मात्र बतुकम्मा, फुलांचा सण. सगळ्या वर्षात मला आवडतात ते हेच नऊ दिवस. पोरी तांबाळात पिवळाधमक तंगेडू आणि रंगात बुडवलेला गुनुगू थरावर थर रचत गच्चीवर बसतात. तंगेडू म्हणजे आपला तरवड, इथलं राज्यफूल. गुनुगू म्हणजे कुरडू. बॉटनीच्या मॅडम खाली वाकून एकेका फुलाचं कूळ सांगतात, आणि बी.कॉम.च्या पोरी चक्क ऐकतात. एकीने विचारलंही, ‘‘मॅडम, हे सिलॅबसला आहे?’’ त्या विभागाचं वर्षातलं सगळ्यात भरलेलं प्रॅक्टिकल ते. क्रेडिट शून्य.

दसरा आटोपला की थकबाकीचा हंगाम. फी रीइंबर्समेंट ही वाय. एस. राजशेखर रेड्डींच्या काळातली योजना: गरीब पोराची फी सरकार भरणार. योजना उत्तम. पोर शिकून जातं, नोकरीला लागतं, त्याचं लग्न होतं, आणि फी अजून सचिवालयातून निघायची असते. राज्य बदललं, सरकारं बदलली, थकबाकी तेवढी एकनिष्ठ राहिली. 2025च्या नोव्हेंबरात खासगी कॉलेजांच्या व्यवस्थापनांनी कंटाळून कॉलेजंच बंद ठेवली. आश्वासन मिळालं तेव्हा उघडली. 1938 साली निजामाच्या राज्यात ‘वंदे मातरम्’साठी मुलं कॉलेजाबाहेर पडली होती. त्यांना काढून टाकलं, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना पदरात घेतलं, पी. व्ही. नरसिंह राव त्यातलेच. आता संप संस्थाचालक करतात आणि मुलं घरी रील्स बघतात. लेक्चररांना कोणतं विद्यापीठ पदरात घेणार? स्टाफरूममध्ये रोज सकाळी एकच प्रश्न असतो, ‘‘आलं का?’’ कोण, काय, हे विचारावं लागत नाही.

त्याच 1938 साली उस्मानियाच्या पदवीधरांनी नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, सुरू केली. तेव्हा बाग-ए-आममध्ये, आता नामपल्लीच्या मैदानावर. एक जानेवारीपासून दीड महिना. काश्मिरी शाली, लखनवी कुर्ते, पाळणे, हलीम. भरवणारी एक्झिबिशन सोसायटी त्या उत्पन्नातून शाळा-कॉलेजं चालवते, आणि वर्षानुवर्षं चालवते. मला हा मामला फार स्वच्छ वाटतो. आपला पगार कोणत्या पाळण्यातून आला, हे तिथल्या प्राध्यापकाला बोट दाखवून सांगता येतं. आमच्याकडे तो पाळणा सचिवालयात आहे आणि वर जाऊन अडकलाय.

आमच्या प्रिन्सिपलांनी यंदा नुमाइशमध्ये एका स्टॉलची चौकशी केली आहे. कॉमर्सवाले गल्ला सांभाळतील, कॉम्प्युटर्सवाले क्यूआर कोड लावतील. प्रश्न अर्ध्या विभागाचा होता, तोही सुटला: झूऑलॉजीच्या सरांना मिरची भजी उत्तम तळता येतात, असं बॉटनीच्या मॅडमनी मीटिंगमध्ये लेखी दिलंय.