देखरेख नागपूरची, बांध मलकापूरचा

उच्च न्यायालयानं आपल्या हद्दीतल्या सगळ्या कोर्टांवर आणि न्यायाधिकरणांवर देखरेख ठेवावी, असं राज्यघटनेचं कलम 227 सांगतं. मलकापूरच्या दिवाणी कोर्टावर ही देखरेख नागपूरहून होते. अंतर तीनशे किलोमीटरहून जास्त. इतक्या लांबून बांध कुणी कोरला ते दिसत नाही, पण कोरणाऱ्याला स्टे मात्र बरोबर पोचतो.

शेजारच्या मुक्ताईनगरचा बांध औरंगाबाद खंडपीठाच्या नजरेत येतो, कारण तिथं जळगाव जिल्हा लागतो. आम्ही पडलो वऱ्हाडातले. 1956 साली मुंबई राज्यात आलो, नागपूरचं उच्च न्यायालय जाऊन तिथं खंडपीठ उरलं. औरंगाबादचं खंडपीठ 1981 साली सुरू झालं, तोवर आमच्या फायलींना नागपूरच्या गाडीची सवय जडली होती.

आता ही देखरेख म्हणजे काय करायचं? 1954 साली वर्यामसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की हा अधिकार क्वचितच वापरावा, आणि तोही खालच्या कोर्टाला त्याच्या हद्दीत ठेवण्यापुरता. निव्वळ चुका दुरुस्त करायला नाही. शेतकऱ्याला हे लगेच कळतं: आपल्या वावरात तास वाकडं पडलं तर पडू द्या, शेजाऱ्याच्या धुऱ्यात औत घालू नका.

पण वकिलांना शेतकऱ्याइतकं चटकन कळून कसं चालेल?

खरी बहार 2002 पासून आहे. दावे लांबतात म्हणून संसदेनं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 115 आवळलं. अर्ज मंजूर झाला असता तर दावाच निकाली निघाला असता, अशाच आदेशावर रिव्हिजन करता येईल, बाकीच्यांवर नाही. 1 जुलैपासून हा नियम लागू झाला. पुढच्याच वर्षी सूर्यदेव राय खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, रिव्हिजन आवळली म्हणून 227 कुठं आवळलं? ते घटनेतलं आहे, संहितेतल्या दुरुस्तीनं त्याला धक्का लागत नाही. झालं! रिव्हिजनच्या रांगेतली सगळी मंडळी शिस्तीत उठून 227 खालच्या रिटच्या रांगेत जाऊन बसली.

समजा, बांधाचा दावा आहे. प्रतिवादीला सहा वर्षांनी आठवतं की लेखी कैफियतीत एक परिच्छेद घालायचा राहिला. मलकापूरचं कोर्ट अर्ज फेटाळतं. प्रतिवादी नागपूरला रिट टाकतो, स्टे आणतो. मग इथं दर पेशीला दोनच वाक्यं होतात: ‘हायकोर्टाचा स्टे आहे’ आणि ‘पुढची तारीख’. वादीचा महत्त्वाचा साक्षीदार सत्तरीचा असेल तर तो पंचाहत्तरीचा होतो, आणि तेही नशीब चांगलं असेल तर.

2010 साली शालिनी शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयांचे कान टोचले. हे प्रकरण तर मुंबईहूनच गेलेलं. खाजगी मालमत्तेची भांडणं 227 खाली ऊठसूट ऐकू नका, असं बजावलं. तेव्हापासून फरक पडलाय, नाही असं नाही. आता समोरचा वकील तो निकाल वाचून दाखवतो, आणि आपला वकील आपलं प्रकरण त्याला अपवाद कसं आहे ते पटवून देतो. त्यात एक पेशी जास्तीची जाते.

2018 साली जरा आशा वाटली होती. मुदत वाढवून घेतली नाही तर सहा महिन्यांनी स्टे आपोआप उठेल, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. 29 फेब्रुवारी 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते मोडीत काढलं. कायद्यानं ते बरोबरच होतं. ज्याच्या बाजूनं स्टे आहे त्याचं न ऐकता तो उठवायचा कसा? शिवाय उच्च न्यायालयं सर्वोच्च न्यायालयाच्या हाताखालची नव्हेत. मलकापूरवर नागपूरनं देखरेख ठेवायची, पण नागपूरवर दिल्लीनं ठेवावी अशी तरतूद घटनेत नाही. तेव्हा स्टे उठवायचा असेल तर वादीनंच अर्ज घेऊन नागपूर गाठायचं.

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. तिथल्या वकिलांनी त्यासाठी कित्येक दशकं आंदोलनं केली. आपणही मलकापूरच्या जवळपास असं काही मागावं का, असं आमच्या बांधवाल्या प्रतिवादीला विचारून पाहा. तो म्हणेल, ‘कायले? नागपूर आहे तिथंच बरं आहे. जवळ आलं तर वादीबी येईन ना!’