झुरळांचे वैद्य

पेस्ट कंट्रोलवाला पंप घेऊन गेटात उतरला, की तळमजल्यावरच्या एका खिडकीचा पडदा हलतो आणि पाठोपाठ नाना लेंग्या-बनियनवर खाली हजर होतात. "काय मारणार आहात? टक्के किती? मास्क कुठाय तुमचा?" तो बिचारा पहिला जिना चढायच्या आत कडुलिंबाचे गुण ऐकून घामाघूम झालेला असतो.

हे नाना प्रत्येक सोसायटीत असतात. बहुधा बँकेतून, नाहीतर सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जातल्या त्रुटी काढल्या. आता अर्ज येत नाहीत, म्हणून दुसऱ्यांच्या घरातली झुरळं काढतात. औषध फवारण्याला त्यांचा तात्त्विक विरोध असतो. निसर्गात सगळ्यावर उतारा आहे, हे त्यांचं ब्रीद. झुरळही निसर्गातूनच आलेलं असतं, हे त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही.

उपाय मागावा लागत नाही. लिफ्टमध्ये दुधाची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या वहिनींना ते आपणहून सांगतात, "मुंग्या झाल्यात ना? मारू नका. रस्ता मोडा." यात नाना बरोबर असतात, आणि तीच खरी पंचाईत आहे. मुंगी मागच्यांसाठी वासाची रेघ ओढत जाते. साबणाच्या पाण्याने ती पुसली की मागची वरात भांबावते. पण एवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले? पुसलेल्या ओट्यावर हळदीची रेघ, खिडकीत दालचिनीची पूड, साखरेच्या डब्यात लवंगा. आठवड्याभरात वहिनींच्या चहाला काढ्याची चव येते आणि मुंग्या गुळाच्या डब्याकडे वळलेल्या असतात.

नानांचं खरं वैभव म्हणजे बोरिकच्या गोळ्या. गणपतीतल्या कॅरम स्पर्धेची उरलेली पावडर ते वर्षभर पुरवतात. कणीक, साखर, थोडं दूध आणि ही पावडर एकत्र मळून सुपारीएवढ्या गोळ्या वळायच्या आणि सिंकखाली, फ्रिजमागे, सिलिंडरच्या आडोशाला ठेवायच्या. हे रसायन नाही का, असं कुणी विचारलंच तर "खनिज आहे, जमिनीतून निघतं," असं उत्तर मिळतं. (जमिनीतून सोमलही निघतो.) गोळ्या लागू पडतात हे मात्र मान्य करायला हवं. झुरळ त्या खातं, अंगाला लागलेली पूड चाटतं आणि काही दिवसांनी उताणं पडतं. हे 'काही दिवस' नानांना जड जातात. दुसऱ्याच सकाळी ते बॅटरी घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभे: "किती पडली?" एकदा गोळ्या टीपॉयवर ताटलीत वाळत होत्या आणि मेंटेनन्सची थकबाकी मागायला आलेल्या सेक्रेटरींनी पेढा समजून एक उचलली. नानांनी ती तोंडाशी गेलेली हिसकून घेतली. तेव्हापासून त्या घरी खराखुरा पेढा मिळाला, तरी माणसं आधी हुंगून बघतात. नानांच्या पत्नी माईंनी गोळ्यांचा डबा कुलपात टाकला. सुट्टीत नातवंडं येतात.

या सगळ्या कीर्तीत माईंचं नाव कुठेच येत नाही, हे मला खटकतं. झुरळ खाण्यावाचून महिनाभर तग धरतं, पाण्यावाचून मात्र आठवडाभर, तोही कसाबसा. माई रात्री शेवटचं पातेलं घासून झालं की ओटा आणि सिंक फडक्याने कोरडे करतात, मोरीची जाळी झाकतात, ओला कचरा बाहेर काढतात. नाना तोवर तमालपत्राच्या पुरचुंड्या बांधत बसलेले असतात. सकाळी झुरळ दिसत नाही आणि श्रेय तमालपत्राला जातं.

गव्हाचंही तेच. सोंडे दाण्याच्या आत अंडी घालतात आणि अळी आतल्या आत दाणा पोखरते, म्हणून माई साठवणीचे गहू कडक उन्हात घालतात, खालवर करतात, पुरते गार झाल्यावर डब्यात भरतात. तूरडाळीला एरंडेल चोळतात. मग नाना येतात, वर मूठभर कडुलिंबाचा पाला ठेवतात आणि झाकण लावतात.

डासांसाठी दिवेलागणीला पाल्याचा धूर. धुराने माणसं बाल्कनीत जातात, जिथे डास आधीच जाऊन बसलेले असतात. शिवाय डेंग्यूचा एडिस चावतो दिवसा, आणि वाढतो साठलेल्या स्वच्छ पाण्यात. गेल्या पावसाळ्यात महापालिकेची बाई तपासणीला आली, तेव्हा डास पळवण्यासाठी मुद्दाम लावलेल्या गवती चहाच्या कुंडीखालच्या ताटलीत तिला अळ्या सापडल्या. माई गावाला गेल्या होत्या. एरवी दर रविवारी ती ताटली आणि फ्रिजमागचा ट्रे त्याच ओततात. नानांनी यावर उपाय म्हणून सोसायटीच्या कारंज्यात गप्पी मासे सोडले. हा उपाय उत्तम. पण पुढे त्यांना माशांची दया आली आणि ते रोज पोळीचा चुरा टाकू लागले. मासे आता पोळीला चटावलेत.

पालीच्या बाबतीत मात्र माझा नानांशी उघड मतभेद आहे. पाल घालवायला अंड्याची टरफलं ठेवतात म्हणे. नानांचं घर शाकाहारी, त्यामुळे ती तिसऱ्या मजल्यावरून मागून आणावी लागतात आणि जिन्यात भलत्याच वावड्या उठतात. पाल त्या टरफलाशेजारीच विसावलेली मी पाहिली आहे. वास्तविक डास आणि लहानसहान झुरळं खाणारी ती पाल हाच त्या घरातला सगळ्यात नैसर्गिक उपाय, आणि नाना तिच्याच मागे लागलेत.

उंदराला नाना विष घालत नाहीत, चिकट पॅडही लावत नाहीत. फक्त पिंजरा, आत गरम भजं. "अहो, आधी मोरीच्या पाइपाजवळची फट बुजवा. बोट जाईल एवढी जागा पुरते त्याला," माई सांगतात. नाना "बघू" म्हणतात. सापडलेला उंदीर सकाळी फिरायला जाताना पिशवीखाली झाकून न्यायचा आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवर सोडायचा, असा शिरस्ता आहे. परवा तिथे पलीकडच्या सोसायटीतले अण्णा भेटले. त्यांच्याही हातात पिशवीखाली चौकोनी काहीतरी होतं. दोघं जरा अवघडले. मग नानांनी हळूच विचारलं, "भजं की खोबरं?"

"तळलेला पापड," अण्णा म्हणाले.

नानांचा चेहरा उजळला. दोघं बाकावर बसले, पापड उडदाचा की नाचणीचा इथून सुरुवात झाली, आणि पुढचा अर्धा तास दोन्ही उंदीर पिंजऱ्यात ताटकळत होते.