नियोजनाला धक्का न लावता शहराचा अभिमान कसा बाळगावा

पुण्याचा अभिमान बाळगायला विशेष पात्रता लागत नाही, पण तो आयुष्यभर टिकवायचा तर काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य असे, की अभिमान शक्यतो भूतकाळाचाच असावा; तिथे खड्डे पडत नाहीत आणि निविदाही काढावी लागत नाही. यासाठी कात्रजचा नळ हे उत्तम साधन आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणले गेले. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. हे पाहुण्यांना सांगताना आवाज थोडा चढवावा, मात्र गोष्ट तिथेच थांबवावी. पुढे गेलात तर त्याच कात्रजहून वाहत येणाऱ्या आंबिल ओढ्याचा विषय निघतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री हा ओढा काठावरच्या सोसायट्यांत आणि वस्त्यांत शिरला आणि त्या रात्रीच्या पावसात माणसे गेली. पेशव्यांच्या कारागिरांना जिथे उतार दिसला, तिथे पुढच्यांना प्लॉट दिसले. हे वाक्य पाहुण्यांसमोर उच्चारू नये.

दुसरे पथ्य क्रमवारीचे. 2018 मध्ये केंद्र सरकारच्या राहणीमान सुलभता निर्देशांकात पुणे देशात पहिले आले, ही बातमी कात्रण करून जपावी. 2024 च्या टॉमटॉमच्या वाहतूक अहवालात पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथे ठरले आणि दहा किलोमीटरला सरासरी तेहतीस मिनिटे लागतात असे निघाले, ती बातमी परदेशी कंपनीचा खोडसाळपणा म्हणून सोडून द्यावी. कोणी म्हणेल, दोन्ही याद्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, त्यांची तुलना कशी होणार? आक्षेप अगदी रास्त आहे. म्हणूनच तर पहिल्या यादीचा उपयोग दुसरीला उत्तर म्हणून करता येतो, आणि अर्धा तास सिग्नलला उभे राहूनही राहणीमान सुलभ असल्याची खात्री बाळगता येते.

तिसरे पथ्य पाळायला सर्वांत सोपे: जे बिघडले ते बाहेरून आलेल्यांनी बिघडवले. 2018 च्या सुमारास शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या छत्तीस लाखांवर, म्हणजे माणसांपेक्षाही पुढे गेली, याचे खापर तिथेच फोडावे. बाहेरून माणसे आली हे खोटे नाही. ती येणार हेही कोणापासून लपलेले नव्हते. त्यांना फ्लॅट विकणारे तर बहुतेक इथलेच होते. त्यांच्यासाठी रस्ते, ओढे, शाळा आणि बस कुठून जाणार हे ठरवणारा कागद म्हणजे विकास आराखडा. 1987 च्या आराखड्यानंतरचा जुन्या हद्दीचा आराखडा 2007 ते 2027 या वीस वर्षांसाठी होता. त्याला मंजुरी मिळाली जानेवारी 2017 मध्ये. निम्मी मुदत मंजुरीची वाट पाहण्यातच सरली. त्याच वर्षी अकरा गावे आणि 2021 मध्ये आणखी तेवीस गावे हद्दीत आली. त्यांतल्या बऱ्याच गावांत क्रम ठरलेला होता: आधी इमारत, मग टँकर, मग हद्दवाढ आणि सवड झाली तर ड्रेनेज. हा क्रम मुंबई किंवा बंगळुरूच्या माणसाने लावून दिलेला नाही. पण हे मान्य केले तर राग कोणावर काढायचा हा प्रश्न उरतो, म्हणून मान्य करू नये.

चौथे पथ्य मात्र कसून पाळावे. अभिमान कधीही रस्त्याच्या रुंदीपर्यंत उतरू देऊ नये. तो धोरणापाशी थांबला तर कोणालाच त्रास नाही. बीआरटीचा देशातला सुरुवातीचा प्रयोग आपण 2006 मध्ये केला; पुढे काही मार्ग उखडले, तरी प्रयोगाचा मान आपलाच. 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर झाले; पादचाऱ्याने ते हातात धरून रस्ता ओलांडावा. 2018 चे पार्किंग धोरण तर अभ्यासावे असे आहे. रस्त्यावरची जागा फुकट नसावी एवढेच त्याचे म्हणणे होते. ते पाच रस्त्यांपुरते, प्रायोगिक म्हणून मंजूर झाले आणि वर्षानुवर्षे त्या पाच रस्त्यांवरही उतरले नाही. कारण तिथे अभिमानाची गाठ आपल्या स्वतःच्या गाडीशी पडते. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल पंधरा वर्षेही न वापरता 2020 मध्ये मेट्रोसाठी पाडावे लागले, तेव्हा कोणी शहराचा अपमान झाला म्हणून रस्त्यावर आले नाही. हेल्मेटची सक्ती झाली की मात्र येतात.

यावर एक वजनदार आक्षेप असा, की नागरिकांच्या अभिमानाला दोष का? आराखड्यावर अंतिम सही राज्य सरकारची असते, आणि मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते. खरे आहे, आणि यातला मोठा दोष मुंबईतल्या मंत्रालयाकडेच जातो. पण चार वर्षे शहराला लोकप्रतिनिधी नाहीत, याची खूण चौकात दिसायला हवी होती. वाढदिवसाचे फलक तर पूर्वीइतकेच झळकत राहिले. ज्या शहराला नाटकातला एक संवाद गाळलेला चालत नाही, त्याला आख्खी महासभा गाळलेली चालली.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा, कारण तो या मार्गदर्शनाच्या मुळावरच येतो. पुणेकरांनी टेकड्या वाचवल्या, त्याचे काय? 1997 मध्ये हद्दीत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर बांधकाम नको, जैवविविधता उद्यानाचे आरक्षण हवे, यासाठी लोक नकाशे घेऊन सुनावण्यांना बसले, आणि 2015 पर्यंत बसत राहिले. आरक्षण टिकले. 2013 च्या प्रारूप आराखड्यावर तर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या. त्यांत मैदान राखा म्हणणारे होते, तसे आमच्या जागेवरचे आरक्षण उठवा म्हणणारेही. मान्य करावे लागेल, की पहिल्या प्रकारच्या माणसांचा अभिमान हाताबाहेर गेला होता. त्याला सर्व्हे नंबर फुटला होता. तो शनिवारवाड्यावर समाधान मानत नव्हता, अमुक ओढ्याची रुंदी नकाशात कमी का झाली असे विचारत होता. असा अभिमान संसर्गजन्य असतो आणि एकदा जडला की संध्याकाळी घरी बसून शहराला नावे ठेवण्याचे सुख संपते.

2027 मध्ये चालू आराखड्याची मुदत संपते आहे. पुढच्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी मोजके दिवस मिळतील आणि नकाशे भिंतीवर लागतील. जायचेच असेल तर भरपूर उजेड असताना जावे, आपली सोसायटी शोधावी, तिच्यावरून रस्ता जात नाही ना एवढे पाहावे आणि शेजारच्या निळ्या रेषेकडे लक्ष न देता परतावे. परतताना गाडी काढायला वेळ लागेल. फूटपाथवर मागे दुसरी लावलेली असेल.