श्री. कोबा यांस, बढतीबद्दल

श्री. कोबा,
मुक्काम दिवाणखाना, सातारा.

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यापर्यंत आम्ही तुम्हाला अरे-तुरे करत होतो. खरं तर हाकसुद्धा मारत नव्हतो. तुमच्यावर बादल्या आपटायचो, नारळ फोडायचो, दिवाळीत सुतळी बॉम्बची वात तुमच्याच अंगावर सोलायचो. पण तुमच्यावर तीस हजार रुपये खर्च झाल्यापासून एकेरीवर यायला जीभ धजत नाही. शिवाय आता तुमच्यात ट्यूबलाइट दिसते, पंखा दिसतो आणि वाकून पाहिलं तर माझी दुहेरी हनुवटीही दिसते. जो आपली हनुवटी दाखवतो त्याला अहो-जाहो केलेलं बरं.

पत्र खुलं लिहितोय, कारण तुमचा पाणउताराही आम्ही चारचौघांतच केला होता.

तुमचा जन्म १९७८ चा. तेव्हा सिमेंट दुकानात जाऊन आणायची वस्तू नव्हती. ते परमिटवर मिळे. वडील अर्ज घेऊन कचेरीत खेटे घालत, आणि गोणी मिळाल्या की त्या रात्री आमच्या घरात मुलगा झाल्यासारखं वातावरण असे. (याच सिमेंटच्या वाटपाचं प्रकरण पुढे इतकं तापलं, की १९८२ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. त्याच वर्षी सरकारने नियंत्रण थोडं सैल केलं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठवलं. तुम्ही किती मौल्यवान होतात हे तुम्हालाच ठाऊक नसेल.) आईला मोझॅकच्या लाद्या हव्या होत्या. वडील म्हणाले, "सध्या कोबा करू, पुढे लाद्या बसवू." त्या 'सध्या'ला सत्तेचाळीस वर्षं झाली.

तुम्हाला घातलं तो दिवस मला आठवतो. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग काळ्या दगडाची बारीक खडी. गवंडी फळीवर उकिडवा बसून खिडकीपासून दारापर्यंत मागे मागे सरकत आला. तिन्हीसांजेला त्याने वर कोरडं सिमेंट भुरभुरवलं आणि पोलादी थापीने घोटायला घेतलं. थापीचा तो सुर्र-सुर्र आवाज जेवणं झाली तरी चालू होता. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याला मातीचा बांध घालून खोलीत पाणी साठवलं. आठवडाभर मी आणि ताईने दिवाणखान्यात वहीच्या पानांच्या होड्या सोडल्या. ते दिवस सरले आणि तुमचा मान संपला.

पहिली भेग दोन वर्षांत पडली, दारातून निघून तिरकी खिडकीकडे. काचेच्या पट्ट्या टाकून तुमचे चौकोन पाडले असते तर आखडताना तुम्ही बहुधा पट्टीच्या रेषेतच तडकला असता, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण वडिलांनी पट्ट्यांचे पैसे वाचवले. मग ताईला बघायला पाहुणे आले की आईचं पहिलं काम पोहे भिजवणं नसे. सतरंजी! ती तिरकी अंथरायची, भेगेच्या बरोबर वर, आणि वर एक लोड असा ठेवायचा की जणू आमच्याकडे सतरंज्या तिरक्याच घालायची रीत आहे. एका मुलाच्या मामांनी ती सरळ करायला हात घातला तेव्हा आई जवळजवळ ओरडलीच. ते स्थळ काही जमलं नाही. त्याचं खापर आजही तुमच्यावर फुटतं.

आणि आता आमच्या सूनबाई पुण्याहून आल्या. सतरंजी झटकायला उचलली, खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "बाबा, हा तर रॉ कॉन्क्रीट लूक आहे! लोक यासाठी पैसे मोजतात." हा 'लूक' आम्ही चार दशकं लपवला होता. मी त्यांना फरशीच्या दुकानात घेऊन गेलो, म्हटलं चांगली व्हिट्रिफाइड बसवू. दुकानदाराने सगळ्यात महागातली पेटी उघडली. 'सिमेंट फिनिश'! राखाडी, डागाळलेली, मधे छापलेले ढगाळ पट्टे. म्हणजे ज्या लाद्यांच्या स्वप्नापायी तुम्ही 'सध्या'त अडकलात, त्या लाद्या आता तुमचा फोटो तोंडावर छापून घेऊन हिंडतायत. तसा हा सोस तुमच्याच खानदानातला आहे म्हणा. १८२४ साली इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिनने ज्या सिमेंटचं पेटंट घेतलं त्याला पोर्टलँड म्हटलं, कारण ते पोर्टलँडच्या दगडासारखं दिसतं असा त्याचा दावा होता. आपल्याकडे तुमचं कागदोपत्री नाव 'इंडियन पेटंट स्टोन'. नावात स्टोन, अंगात सिमेंट. दोनशे वर्षं दगडाची बतावणी केल्यावर आज कुणीतरी तुमची बतावणी करतंय, हा काव्यगत न्याय तुम्ही ट्यूबलाइटच्या उजेडात एकट्याने चाखलेला दिसतो.

लाद्यांचा बेत राहिला, तुम्हालाच घासून पॉलिश करायचं ठरलं आणि कंत्राटदार आला. त्याने आधी काठीच्या टोकाने तुम्हाला जागोजागी ठोकलं, डॉक्टर पाठ ठोकतात तसं. कुठे टणक वाजलात, कुठे डब्ब. डब्ब म्हणजे खालून सुटलेलं. मग यंत्र आलं. वजन रेडकाएवढं, खाली गरगर फिरणाऱ्या तबकड्या आणि त्यांना हिऱ्याच्या कणांच्या चकत्या. आमच्या हिला लग्नात हिरा मिळाला नाही. तुम्हाला आठ प्रकारचे मिळाले: तीस नंबर, मग साठ, एकशेवीस, दोनशे, चारशे, आठशे, दीड हजार, तीन हजार. आकडा चढतो तसा दाणा बारीक होतो. मधली एकही पायरी गाळायची नाही. गाळली तर आधीच्या चकतीचे ओरखडे शेवटपर्यंत राहतात, आणि ते कळतात शेवटच्या दिवशी, सगळं चकाकल्यावर.

दोनशे नंबर झाल्यावर त्यांनी तुम्हाला औषध पाजलं. दिसायला पाणी, पण आत लिथियम सिलिकेट. सिमेंट जमताना तुमच्या पोटात थोडा चुना सुटा उरतो. हे औषध त्याला धरतं आणि मुळात ज्या चिकट्याने सिमेंट घट्ट होतं तोच चिकटा पुन्हा तयार करतं. थोडक्यात, सत्तेचाळीसाव्या वर्षी तुमचं उरलेलं जमणं पुरं झालं. माझं काय, ते ही सांगेल.

मला वाटत होतं की पॉलिश म्हणजे वरून काहीतरी फासायचं. दाराला असतं तसं. पण इथे उलटाच कारभार! आधी तुमची वरची साय खरवडली, गवंड्याने रात्री घोटून घोटून आणलेली. खाली वाळू दिसली, मग खडीचे काळे ठिपके वर आले, आपल्या सह्याद्रीचाच दगड. कंत्राटदार खुशीत म्हणाला, "सॉल्ट अँड पेपर फिनिश." मीठ-मिरी. मग कपाटामागचा कोपरा आला आणि त्याची खुशी संपली. तिथे खडी नव्हती, सिमेंटही नावालाच. चकती लागताच वाळू भुगा होऊन निघायला लागली. वडील मरेपर्यंत म्हणत होते, की शेवटच्या दिवशी एक गोण कमी पडली नव्हती, ती कुठेतरी गेली होती. आम्ही त्यांना संशयी म्हणायचो. ती गोण त्या कोपऱ्यात नव्हती, एवढं तुम्ही आता चकाचक उजेडात सिद्ध केलंत. कंत्राटदाराने तिथे इपॉक्सीचं ठिगळ लावलं आहे. ते पॉलिशनंतर सगळ्यात छान चमकतं, आणि म्हणूनच दारातून दिसतं.

एक तक्रार आहे, तुमच्याबद्दल नाही. मोठ्या यंत्राला धूळ ओढायचा व्हॅक्यूम होता, पण कडा आणि कोपरे हातयंत्राने घासावे लागतात. ते काम करणारा विशीतला पोरगा तोंडाला हातरुमाल बांधून बसला होता. ही पिठाची धूळ नव्हे, तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात जाऊन बसली की तिथले व्रण भरून येत नाहीत. मी करोनातला उरलेला मास्क आणून दिला आणि स्वतःवर खूश झालो. असल्या धुळीला तो मास्क म्हणजे दुसरा हातरुमाल, हे मागाहून कळलं. तीस हजारांत आठ जातींचे हिरे बसले. एक धड मास्क बसला नाही.

आता इथे जरा एकेरीवर येतो.

देव्हाऱ्यासमोर तुझ्या अंगावर एक काळा गोल आहे, पुरीएवढा. आईच्या निरांजनातून ओघळलेलं तेल, रोज थेंब-दोन थेंब. कंत्राटदाराने तिथे यंत्र तीनदा फिरवलं. तेल फार खोल मुरलंय, अजून खाली गेलो तर खड्डा पडेल, म्हणाला. सूनबाईंनी 'कॅरेक्टर' असं काहीसं म्हटलं. आई काठी टेकत आली, खाली बघितलं आणि म्हणाली, "एवढं घासलं, आणि एवढंच राहिलं होय?" तिच्या आवाजात नाराजी होती की काय, मला कळलं नाही. ती तिथेच पाट मांडून बसली.

असो. पुन्हा अहो.

तुम्हाला आता पथ्यं लागू झाली आहेत. ताक, लिंबू, चिंचेचं पाणी सांडलं की लगेच पुसायचं, आंबट लागलं की तुमची चमक जाते. ॲसिडने धुवायचं नाही, साध्या पाण्याने पुसायचं, आणि पाणी सांडलेलं असलं की सावकाश चालायचं. उतार मात्र तुम्ही सोडला नाहीत. नातवाची गोटी अजूनही जिथून सोडू तिथून मोरीच्या दाराशीच जाते. तेवढ्यापुरते तरी तुम्ही आमचेच आहात.

परवा सूनबाईंच्या माहेरचे तुम्हाला बघायला आले. बसायच्या आधी आईने सतरंजी आणून अंथरली. भेगेवर नाही, सरळ, मधोमध. "ओरखडे पडतील," म्हणाली. पाहुण्यांना तुम्ही कडेने वीतभर दिसलात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वर चालणारा

ता. क. हे पत्र स्वयंपाकघरातल्या लादीला दाखवू नये. तिच्याखाली तुमचाच धाकटा भाऊ आहे, आणि सूनबाई काल चहा उकळेपर्यंत तिथे टाच आपटून बघत होत्या.