परसातली ओळखपरेड

गोंदिया जिल्ह्यात एखाद्या प्राण्याबद्दल ‘ठाऊक नाही’ असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. चिखलात पंजा उमटला की तो वाघाचा. नखांची टोकं स्वच्छ उमटलेली असली तरी वाघाचाच. वाघ चालताना नखं आत ओढून घेतो आणि नखं उमटवत जातं ते कुत्रं, हे गावात सगळ्यांना पाठ आहे. पण कुत्र्याची बातमी चहाच्या टपरीवर ऐकतो कोण?

अशा या मुलखात लेस्टरहून माझा भाचा आला, तोही ऐन पावसाळ्यात. नागझिरा आणि नवेगावबांधची फाटकं त्या दिवसांत पर्यटकांना बंद असतात, हे त्याला विमानाचं तिकीट काढल्यावर कळलं. बॅगेत दुर्बीण आणि विलायती बागांमधल्या प्राणी-पक्ष्यांचं पुस्तक. “मामा, मग परसातच मोजू,” म्हणाला. तिकडे १९७९ पासून दर जानेवारीत लोक तासभर खिडकीशी बसून आपल्या बागेतले पक्षी मोजतात; आता लाखो लोक मोजतात. एवढी माणसं तासभर गप्प बसू शकतात यावर आमच्या आईचा काही केल्या विश्वास बसेना.

बसलो. पहिली नोंद शेजाऱ्यांच्या शेळीची. दुसरी खुद्द शेजाऱ्यांची. आम्ही काय पाहतो आहोत ते पाहायला ते आले आणि खुर्ची मागवून बसले. मग कुंपणावर चिरक आला. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गुबगुबीत रॉबिन होता, आणि चिरकालाही इंग्रजीत रॉबिनच म्हणतात. भाचा हरखला. पण त्याच्या रॉबिनची लाली छातीवर, चारचौघांत मिरवायला; आमचा गडी काळाभोर, आणि त्याची लाली शेपटीखाली. शेपटी उभारली तरच दिसायची. भाच्याने पुस्तक मिटलं.

खारीवरून तर घरात फूट पडली. रामाची तीन बोटं फिरली म्हणून खारीच्या पाठीवर तीन पट्टे, हे आईच्या दृष्टीने निकालात निघालेलं प्रकरण. भाच्याने दुर्बिणीतून मोजले तर पाच. खारींच्या दोन जाती आहेत, दक्षिणेकडची तीन पट्ट्यांची आणि उत्तरेकडची पाच पट्ट्यांची, असं तो समजावू लागला. आईने डाळ निवडता निवडता ऐकून घेतलं. “मग दोन सीतेनं ओढले असतील, बाबू.” एवढी सुटसुटीत उपपत्ती त्याच्या पुस्तकात नव्हती.

त्या रात्री न्हाणीत साप निघाला. काळपट अंगावर पांढरे आडवे पट्टे. शेजारी ‘मण्यार!’ म्हणत काठी घेऊन धावले. भाच्याच्या देशात विषारी साप एकच, त्यामुळे तिथे घाबरण्याचं काम सोपं असतं. आमच्याकडे मण्यार महाविषारी, आणि तिच्यासारखाच दिसणारा कवड्या बिनविषारी. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने, आणि शेपटीकडे ठळक होतात. हे भाच्याने स्टुलावर उभं राहून, मोबाइलवर वाचून, मोठ्याने सांगितलं. सर्पमित्राला फोन लागला. तो येईपर्यंत डोकं कुठलं आणि शेपटी कुठली यावर चर्चा रंगली, आणि साप मोरीतून निघून गेला. तो कवड्या होता असं भाचा लेस्टरमध्ये सांगतो. मण्यार होती असं शेजारी टपरीवर सांगतात. दोघांचंही वजन वाढलेलं आहे.

शेवटी एका पहाटे त्याला परसवाड्याच्या तलावाकडे नेलं. महाराष्ट्रात सारस टिकून आहे तो मुख्यतः आमच्या जिल्ह्यात. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यांत उंच, जवळजवळ सहा फूट, लाल डोकं, लाल मान; इथे ओळखण्यात चूक व्हायला जागाच नाही. तरी धुक्यात बांधावर उभी आकृती पाहून भाचा कुजबुजला, “मामा, सारस!” आकृतीने बिडी पेटवली.

खरी जोडी पलीकडच्या बांधीत होती. धानाच्या पाण्यात काड्या आणि गवत रचून केलेलं भलंमोठं घरटं, मादी बसलेली, नर पहाऱ्यावर. भाच्याने वही काढली तेवढ्यात बिडीवाले शेतकरी जवळ आले.

“का जी, सारस मोजून राहिले का?”

“हो,” भाचा म्हणाला.

“सरकारी माणूस?”

“नाही, पाहुणा. लंडनकडचा.”

त्यांनी क्षणभर विचार केला. “मंग लिहा. माह्या बांधीत दोन. अंडेही दोन.” आणि वहीवर बोट ठेवून म्हणाले, “त्याच्याखाली लिहा, धान किती तुडवला ते. तिकडून काही मिळते का पाहा.”