चिन्ह शोधा, गणित विसरा

तिसरीच्या वर्गात शाब्दिक उदाहरण आले की पहिला प्रश्न ठरलेला. "बाई, अधिक की वजा?" उदाहरण अजून वाचूनही झालेले नसते.

पोरांचे काय चुकले? आपणच त्यांच्याकडून घोकून घेतले आहे. 'एकूण' दिसले की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी.

मग हे घ्या. रमाकडे 8 बोरे आहेत. ती सलमाच्या बोरांपेक्षा 3 ने जास्त आहेत. सलमाकडे किती? पोराने 'जास्त' वाचले, बेरीज केली, उत्तर 11. लाल फुली पोराच्या वहीत. घोकून घेणाऱ्याला फुली कोण मारणार?

वजाबाकी म्हणजे काढून घेणे, एवढेच आपण शिकवतो. पाच पेरू होते, दोन खाल्ले. हे सोपे जाते, कारण पेरू जाताना दिसतात. पण वही 50 रुपयांची, खिशात 35, किती कमी पडतात? इथे कुणी काही खाल्ले नाही, कुठे काही गेले नाही. तरी वजाबाकीच! मूल अडते ते इथे. आकड्यांपाशी नाही, गोष्टीपाशी.

आणि आपला उपाय? हातच्याच्या उभ्या वजाबाक्या, पानभर.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

नुसत्या आकड्यांचे तरी बरे चालले आहे का? 'असर' या शालेय शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांशच निदान वजाबाकीपर्यंत पोचली होती. तीही कोरड्या आकड्यांची. त्यात गोष्ट घातली असती तर?

फ्रान्समधल्या ग्रेनोबलचा 1980 च्या सुमाराचा प्रयोग शिक्षणाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, कप्तानाचे वय किती? 97 पैकी 76 मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून वय काढून दाखवले. मुले मठ्ठ नव्हती. गणिताच्या तासाला अर्थ विचारायचा नसतो, एवढे ती शिकली होती.

अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचे गणित तपासले. निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. गिऱ्हाईक समोर असताना हिशेब चोख. तीच मुले शाळेच्या पद्धतीच्या गणितात बरीच अडखळली. डोके एकच, मग अडले कुठे?

वाण्याकडे बघा. 63 रुपयांचा माल, शंभराची नोट. तो पाटीवर हातचा घेत बसत नाही. हे दोन, पासष्ट. हे पाच, सत्तर. हे दहा, ऐंशी. हे वीस, शंभर. 37 रुपये तुमच्या हातात. वजाबाकी झाली, तीही बेरजेने! हीच रीत मुलाने वहीत लिहिली तर किती शाळांत गुण मिळतील?

मग वर्गात करायचे काय? आधी उदाहरण आकडे झाकून वाचून घ्या. काय घडले ते मुलाला त्याच्या शब्दांत सांगू द्या, बोरांची चित्रे काढू द्या. मग 13 वजा 5 द्या आणि त्याच्या तीन वेगळ्या गोष्टी त्यालाच रचायला सांगा. तिन्हींत पेरूच खाल्ले गेले, तर काय शिकवायचे राहिले ते लगेच कळेल.

एवढ्यात तास संपेल? संपू द्या. पोर्शन राहील म्हणता? पोर्शन तर दरवर्षी पूर्ण होतो. वजाबाकी पाचवीतही कितीतरी मुलांना येत नाही, त्याचे काय?