रोमचे कळसदर्शन

सकाळचे पावणेसात. जहाज चिवितावेक्किया बंदराला लागले आहे आणि जहाजावरच्या नाट्यगृहात तीन-चारशे माणसे छातीवर आकडे चिकटवून बसली आहेत. काल रात्री याच रंगमंचावर एका जादूगाराने बाई गायब करून दाखवली. आज तिथे उभी असलेली तरुणी माइकवरून पन्नास-पन्नास माणसे गायब करते आहे. “बस नंबर एकवीस” म्हणाली, की दोन रांगा रिकाम्या.

डोंबिवलीच्या एका कुटुंबाची बस तेविसावी. आजी, आजोबा, आई, बाबा, कॉलेजातली मुलगी आणि दहा वर्षांचा चिरंजीव. (कुटुंब काल्पनिक आहे, पण भूमध्य समुद्रातल्या जहाजांवर हल्ली अशी दोन-चार तरी सापडतात, तेव्हा कुणी अंगाला लावून घेतले तर इलाज नाही.) आजी प्रत्येकाचा स्टिकर बोटाने दाबून पाहतात. आजोबांनी तो स्वेटरवर लावला आहे. “उकडलं म्हणून स्वेटर काढलात, तर बसमध्ये घ्यायचे नाहीत हो,” असे त्यांना बजावून झाले आहे.

माहितीपत्रकात बंदराचे नाव ‘रोम’ असे छापलेले असते. रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. म्हणजे लोणावळ्याला उतरवून ‘आले पुणे’ म्हणण्यातला प्रकार, आणि वर थोडे जास्तच. वर्षाला तीस लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी या बंदरातून जातात-येतात आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचे नाव शेवटपर्यंत नीट उच्चारता येत नाही. आजोबांनी ते ‘चिवटवाकी’ असे करून टाकले आणि कुटुंबात तेच रूढ झाले.

बस सुटते. गाइडबाई माइक तपासतात, “हॅलो, ऐकू येतंय? मागे ऐकू येतंय?” नेमका तेवढ्यात खिडकीबाहेरून एक प्रचंड किल्ला सरकतो. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, समुद्राच्या बाजूला एक अष्टकोनी. तो पोप दुसऱ्या ज्युलियसने १५०८ साली बांधायला घेतला. काम ब्रामान्तेकडे दिले. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चची नवी वास्तू ज्याने आखली तोच हा ब्रामान्ते. अष्टकोनी बुरुजाचा वरचा भाग मायकेलएंजेलोचा मानतात, म्हणून किल्ल्याला नावही त्याचेच. आणि याच पोपसाठी, याच १५०८ साली, मायकेलएंजेलोने सिस्टीन चॅपलच्या छताला हात घातला. म्हणजे जे गाठायला माणशी शंभराच्या वर युरो मोजून पन्नास जणांची ही वरात निघाली आहे, त्याचा सख्खा भाऊ बंदराच्या फाटकाशीच उभा. पण त्या वेळी बसमध्ये मागच्यांना ऐकू येते आहे की नाही याची चौकशी चालू असते. दर दिवाळीला सोसायटीच्या आवारात मातीचा किल्ला करणारा चिरंजीव मोबाइलमध्ये मान घालून बसलेला असतो.

या बंदरापासून पळ काढण्याची प्रथा तशी जुनी. फ्रेंच कादंबरीकार स्टाँदाल १८३१ साली इथे फ्रान्सचा कॉन्सुल म्हणून आला. त्याला पाहिजे होते त्रिएस्त. ऑस्ट्रियाने नकार दिला, म्हणून पदरात हे पडले. गाव त्याला इतके कंटाळवाणे वाटे, की सरकारी काम कारकुनावर सोडून तो वारंवार रोम गाठत असे. त्याच्यानंतर जवळजवळ दोन शतकांनी प्रवासी तेच करतात. फरक एवढाच, की त्याला संध्याकाळी सहाच्या आत परतायचे नसे.

जहाजाने आखलेली सहल, म्हणजे एक्स्कर्शन, हा प्रकार रुजवला तो मात्र जर्मनांनी. हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन या जहाज कंपनीच्या आल्बेर्ट बालीनपुढे अडचण होती: हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायला गिऱ्हाईक मिळेना आणि महागडी जहाजे गोदीत पडून. मग त्याने २२ जानेवारी १८९१ रोजी कुक्सहाफेनहून ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राकडे सोडले आणि बंदराबंदरांत त्यांच्यासाठी सहली आखून दिल्या. रिकाम्या खोल्या भरण्याची ती युक्ती पुढे इतकी फळली, की आता जहाजेच पाच-पाच हजारांची बांधतात आणि रिकामे करायचे असते ते रोम.

सहलीच्या पत्रकाची भाषा शिकून घ्यावी लागते. ‘भेट’ म्हणजे आत जाणे. ‘फोटो थांबा’ म्हणजे दहा मिनिटे. ‘पॅनोरॅमिक’ हा सर्वांत भारदस्त शब्द. त्याचा अर्थ, बस थांबणार नाही. आजींना तो लगेच कळला. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग मोठी असली की मुखदर्शन, तेही जमले नाही की कळसाला हात जोडायचे. इ. स. ८० मध्ये खुले झालेले कलोसियम उजव्या खिडकीतून गेले तेव्हा डावीकडे बसलेल्या आजींनी समोरच्याच्या डोक्यावरून हात जोडले.

व्हॅटिकनला मात्र ‘भेट’ होती. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. आईने ओढणी काढली, मुलीने जाकीट. बाबा बर्म्युडावर. फाटकाबाहेर शाली विकणाऱ्याने त्यांच्याकडे दुरूनच प्रेमाने पाहिले. दहा युरोत मिळालेली फुलाफुलांची शाल लुंगीसारखी गुंडाळून बाबा कॅथलिक जगाच्या राजधानीत शिरले. आजींच्या साडीला कुणी हरकत घेतली नाही; तो विजय त्यांनी पुढे दिवसभर चेहऱ्यावर बाळगला.

प्रत्येकाच्या कानात एक यंत्र. गाइडबाई पुढे काठीला रुमाल बांधून चालतात आणि त्यांचा आवाज कानात कुजबुजतो. आजोबांच्या यंत्रात शेजारच्या स्पॅनिश गटाची गाइड शिरली. त्यांनी अर्धा तास मान डोलावत ऐकले. तक्रार केली नाही.

सिस्टीन चॅपलची गंमत अशी, की आत बोलायला बंदी. म्हणून गाइड बाहेरच्या अंगणात छताच्या चित्रांचे फलक दाखवून सगळे समजावून सांगतात: इथे आदम, इथे प्रलय, बोटे नीट बघा. मग लोक आत जातात, माना वर करतात आणि अंगणात पाहिलेले तिथे आहे ना, याची खात्री करून घेतात. फोटोलाही बंदी. रखवालदार मधून मधून शांततेसाठी ओरडतात; त्या दालनातला सर्वांत मोठा आवाज त्यांचाच. मायकेलएंजेलोला छताला चार वर्षे लागली, १५१२ साली ते पुरे झाले. तेविसाव्या बसला पंधरा मिनिटे होती.

त्रेवी कारंज्याशी नाणे उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून टाकायचे, म्हणजे माणूस रोमला परत येतो, अशी श्रद्धा. जमा होणारी नाणी कारितास या कॅथलिक सेवासंस्थेकडे जातात आणि वर्षाकाठी ती रक्कम दहा लाख युरोंच्या पुढे असते. आजोबांनी खिशातली सर्व सुटी नाणी चाचपली आणि त्यांतले सर्वांत लहान टाकले. “परत आलोच तर रेल्वेने येऊ,” म्हणाले. त्यांना बंदरात कुणीतरी सांगितले होते, की रोमला लोकल जाते आणि तिकीट पाच युरोंच्या आसपास असते.

हे जहाजावरच्या सर्वांनाच ठाऊक असते. तरी लोक बसचेच पैसे भरतात, कारण सहल जहाजाकडून घेतली आणि बस अडकली तर जहाज थांबते. आपले आपण गेलो आणि उशीर झाला तर ते निघून जाते. धक्क्यावरून धावत सुटलेल्या जोडप्यांचे व्हिडिओ मुलीने आधीच सर्वांना दाखवून ठेवले होते. त्यामुळे परतीच्या बसमध्ये गाइडबाई माणसे मोजत, मग आजी मोजत. दोघींचा आकडा एकदाही जुळला नाही, कारण आजी फक्त सहापर्यंत मोजत होत्या.

संध्याकाळी चौदाव्या डेकवर बुफे. दोरखंड सुटायला अर्धा तास. आजींनी पर्समधून मेतकूट काढले, जहाजावरच्या भातावर शिंपडले आणि कठड्यापलीकडे पाहिले.

“ती दगडी इमारत कसली रे? बुरूज दिसतात.”

“पोर्टाचं ऑफिस असेल,” बाबा म्हणाले. दहा युरोची शाल त्यांनी आता खांद्यावर घेतली होती.

चिरंजिवाने मान वर केली, पाहिले, आणि किल्ल्याला दरवाजा कुठून असेल असे विचारले. तेवढ्यात मुलगी उद्याची तिकिटे घेऊन आली. बंदर लिव्होर्नो, पत्रकात ‘फ्लॉरेन्स’, पिसा पॅनोरॅमिक. जमायची वेळ साडेसहा, बस नंबर नऊ.